अपेक्षित प्रतिसाद

सोमवार, ३
आजपासून मी बाई झाले! निदान सहा आठवड्यांपुरती तरी. सराव पाठांसाठी मिळालेली शाळा छोटी, पण वर्ग उजेडाचा. तिसरीची बत्तीस मुलं, सोळा बाक, कोपरा उडालेला फळा. मार्गदर्शक बाई करड्या शिस्तीच्या. त्यांनी बजावलं, की पाठाचं टाचण आधी दाखवायचं, ‘अध्यापकाची कृती’ आणि ‘मुलांचा अपेक्षित प्रतिसाद’ असे दोन्ही रकाने भरायचे, आणि त्यांची सही झाली की काना-मात्राही बदलायची नाही. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, तुला असंच कुणीतरी भेटायला हवं होतं.

बुधवार, ५
पहिला पाठ झक्कास! रकान्यात मी लिहिली होती तीच उत्तरं मुलांनी दिली, अगदी शब्दन् शब्द. दिवसभर माझे पाय जमिनीवर नव्हते.

सोमवार, १०
पाठ खरा वाटावा म्हणून आज लिहिलं होतं, ‘पहिल्या बाकावरील मुलीस उत्तर येत नाही.’ तिथे आमची चिमणी बसते, वर्गातली सर्वांत चुणचुणीत. प्रश्न साधा होता. ती उभी राहिली, तोंड उघडलं, आणि शब्द फुटेना. डोळे भरून माझ्याकडे बघत राहिली. सुटीत म्हणाली, उत्तर येत होतं, पण बाहेरच पडेना. मार्गदर्शक बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, पाठ टाचणाबरहुकूम झाला ना, मग तक्रार कसली?

शुक्रवार, १४
शेवटचा तास. मी धडा वाचून दाखवला, मग मुलांचं मूकवाचन. घंटा झाली. कुणी उठेना. हाका मारल्या, गदागदा हलवलं, पुस्तकं ओढून घेतली. मुलं रिकाम्या बाकावर नजर फिरवत वाचतच होती.

टाचण उघडलं. घाईत शेवटची ओळ ‘मुले मूकवाचन करतात’ एवढीच. थांबतात, हे लिहायचंच राहिलं. लगेच खाली लिहिलं, ओरडून वाचलं. सहीशिवाय उपयोग नाही. मार्गदर्शक बाई लेकीकडे परगावी, फोन बंद. पालकांनी मुलांना उचलून घरी नेलं.

रविवार, १६
पाणी तोंडात घातलं की ओघळतं. डॉक्टरांनी हात टेकले. चिमणीच्या आईने मला बघताच दार लावून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी केलं हे. एका ओळीसाठी –

सोमवार, १७
मुख्याध्यापकांनी सांगितलं म्हणून मुलं वर्गात आणून बसवलीत. मार्गदर्शक बाई आल्या. मी त्यांचे पायच धरले. माझ्या ओळीखाली फक्त सही करा म्हटलं. त्यांनी टाचण शांतपणे वाचलं. माझी ओळ खोडली. लाल पेनाने शेरा लिहिला, खाली सही.

‘मूकवाचनास आणखी वेळ द्यावा.’

खोडा म्हणून रडले – त्या म्हणाल्या, सही झाली –

बत्तीस माना एकदम आणखी खाली –

चिमणीचे ओठ निळे पडलेत – हात धरलाय तिचा, गार – ती अजून वा—