खिडकीखालची वीतभर जागा

१२ जुलै, शनिवार

खोली मिळाली! माझी! एकटीची!

निकेतदादा नोकरीसाठी पुण्याला गेला, कायमचा. रडायला पाहिजे होतं. पण त्याची बॅग रिक्षात ठेवली आणि घरात येऊन आधी त्याच्या खोलीत टेबल कुठे बसतं ते मोजलं. पंधरा वर्षं हॉलमध्ये फ्रिजला चिकटून झोपतेय मी. कोणी पाणी प्यायला उठलं की उजेड माझ्या तोंडावर. संपलं ते!

रंग ठरलाय. फिका राखाडी, चारी भिंतींना. माझ्या वर्गातल्या ममताच्या मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये आहे ना, अगदी तसा. २ ऑगस्टला माझा वाढदिवस. ममता आणि सगळ्या मैत्रिणी पहिल्यांदाच आमच्या गावात, तारोडीला येणार आहेत. त्याच्या आत खोली झालीच पाहिजे!

१३ जुलै, रविवार

पेंटर बोलवायचा नाही म्हणे. पपा स्वतः रंगवणार.

"तीस वर्सं बोट रंगवतोय मी. भिंत काय, ती तर हलत पन न्हाय."

मम्मी गप्प. मम्मी! पपा बल्ब बदलायला स्टुलावर चढले तरी खालून दहा सूचना देणारी बाई.

१४ जुलै, सोमवार

शाळेतून आले तर खोलीत पाच डबे. निळा, निळा, निळा, लाल, पिवळा. ऑइल पेंट. बोटीचा!!

"पपा, राखाडी सांगितलेला ना!"

"घरात रंग हाय, सीलबंद हाय. राखाडी तर आभाळ पन हाय, अजून किती पायजे तुला?"

मासेमारीबंदी आहे म्हणून पपा रिकामे, हे मान्य. पण दर बंदीत ते किनाऱ्यावर असतात, ताडपत्रीखाली, आमच्या 'चंद्रावती'ला घासत-रंगवत. (आजीचं नाव ठेवलंय बोटीला.) पहिला ब्रश घरातल्या मुलीने मारायचा, अशी आमच्याकडे रीत. म्हणून दरवर्षी मलाही चिखलातून खेचत नेतात. यंदा बोलावलंच नाही. सुटले!

१६ जुलै, बुधवार

नारळ फोडला. खोलीत!! भिंतीला हळदकुंकू लावलं. मग ब्रश निळ्यात बुडवून माझ्यापुढे धरला. "पैला ब्रश तुझा."

मी म्हटलं, राखाडी असेल तर मारते. आणि दार आपटून बाहेर.

पपा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला नीट भांडता तरी आलं असतं.

१९ जुलै, शनिवार

अरे देवा.

खाली लाल. वर निळा. मधून पिवळा पट्टा, दोरी ताणून, खडूने आखून, एकदम सरळ. बोटीला असतो तस्साच. "ही पान्याची रेघ," म्हणे.

"पपा, माझी खोली तरंगणार आहे का?"

"जुलै हाय पोरी, सांगता येत न्हाय." स्वतःच हसत बसले.

आणि एवढं करून खिडकीखाली वीतभर जागा कोरीच सोडलीय! विचारलं तर म्हणाले, "असू दे ती."

२२ जुलै, मंगळवार

वाळत नाही!

आतापर्यंत भिंतीला एकोणीस डास, भूगोलाची वही आणि मम्मीचा पदर एवढं चिकटून झालं. आज माझी वेणी. टर्पेंटाइनने सोडवली.

भाईंदरला रंगाच्या दुकानात जाऊन विचारलं. दुकानदार अंकल म्हणाले, "बेटा, इस बारिश में ऑइल पेंट किसने लगाया?"

मी म्हटलं, "पडोसी ने."

२४ जुलै, गुरुवार

ममता दोन बाक मागे जाऊन बसली. टर्पेंटाइनच्या वासाने तिचं डोकं दुखतं म्हणे.

२७ जुलै, रविवार

जिंकले!

आज फुटलेच मी. रडून रडून मम्मीला सांगितलं, सगळ्या जणी मला हसतील, मला माणसांसारखी खोली पाहिजे, मला बोटीत राहायचं नाहीये! मागे वळले तर दारात पपा.

छत्री घेऊन बाहेर गेले. तासाभराने आले, ते राखाडी रंगाचा डबा आणि पॉलिश पेपर घेऊन. "शुक्रवारी सुट्टी हाय तुला. घासतो आनि मारतो. मैत्रिनी येतील तवर होईल."

मी नाचले. मम्मी आत भांडी आपटत होती. आता हिला काय झालं?

१ ऑगस्ट, शुक्रवार

बंदी उठली. उजाडल्यापासून फटाके, बँजो, सगळं गाव किनाऱ्यावर. आणि पपा माझ्या खोलीत भिंत घासतायत.

शेजारचे नाथाकाका दारात आले. "लीलाधर, चल ना माझ्या बोटीवर. एक खलाशी कमी हाय."

मी हसले. "काका, पपा तुमच्या बोटीवर कशाला येतील? आमची नाही का?"

काकांनी मम्मीकडे बघितलं. मम्मीने सांगितलं, मे महिन्यातच विकली. दादा येत नाही म्हणाला, माणसं मिळत नाहीत, पपांची कंबर गेलीय. रंग त्याआधीच आणून ठेवलेला. "तुला सांगू नको म्हनाले. दहावीचं वरीस."

म्हणजे हा उरलेला रंग नव्हताच. यंदा 'चंद्रावती'ला लावायला आणलेला होता.

मी पपांच्या हातातला पॉलिश पेपर काढून घेतला. निळा डबा उघडला. खिडकीखालची जागा रंगवली. रडत रंगवली, काय लपवायचं.

"ब्रश उभा धर," पपा म्हणाले. मग नाथाकाकांबरोबर गेले.

राखाडी डबा उद्या दुकानात परत. आणि ममताला आल्या आल्या सांगायचं — खिडकीखाली टेकू नकोस, 'चंद्रावती' अजून ओली आहे.