आमटीत गेलेलं पाणी

शनिवार, संध्याकाळ

पोटॅशियम उतरलंय, असं विश्रामबागच्या डॉक्टरांनी सकाळी रिपोर्ट बघून सांगितलं. मूत्रपिंड बिघडल्यापासून बंद असलेला बटाटा आता थोडा चालेल. फोडी भरपूर पाण्यात उकडायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचं.

रहिमतपूरहून आलेल्या वहिनींनी दुपारी लगेच भाजी केली. घास उचलला आणि विचारलं, "पाणी ओतलंत ना?"

"आवं भावजी, ओतायचं कशाला? आमटीत घातलं. लय चव येती."

म्हणजे काढलेलं सगळं पोटॅशियम माझ्याच वाटीत. वाटी सरकवली. वहिनी ओशाळल्या, मग म्हणाल्या, "भाजी तरी खावा. तिनं काय केलंय?"

खाल्ली. फिकी होती, तरी किती बरं वाटलं. बटाट्यासाठी इतकं? असो.

महिन्याने पुन्हा रक्त तपासायचं. तोवर इथंच राहणार, असं वहिनींनी दादाला फोनवर सांगूनही टाकलंय.