दत्तूच्या खोलीचं कुलूप

१४ जून १९९७
ऐन उद्याच्या अंकाचं पहिलं पान लावायच्या वेळी शोभाताईंचा फोन. मंगळवार पेठेतल्या आमच्या आठ खोल्यांत सगळ्यात जुन्या भाडेकरू, नर्स. "भाऊ, भिंतीला हात लावला की झिणझिण्या येत्यात. पोरगी रांगती हाय. माणूस बघताय का मी दुसरी खोली बघू?" मेन स्विच बंद करा म्हटलं. वायरमन म्हणतो आधी गळती काढा. गवंडी म्हणतो आधी वायरिंग. शिवाय अमावस्या झाल्याशिवाय दोघंही कामाला हात लावणार नाहीत.

१९ जून
कोडोलीचा दत्तू थेट ऑफिसात आला. प्लंबिंग, गवंडीकाम, थोडी वायर जोडतो. तालमीतला, कान मोडलेले, आवाज छापखान्यापर्यंत. "पगार ऱ्हाऊ दे सायेब. कोपऱ्यातली खोली द्या, मी न् बायकू ऱ्हातो. आठी खोल्या माझ्या अंगावर." बायकोचं, मंदाचं म्हणणं, खोली दिलेला माणूस परत निघत नाही. तिच्या माहेरी झालंय तसं. ठरेना.

२० जून
दिली किल्ली. दुपारपर्यंत त्यानं शोभाताईंची भिंत फोडली. ओल थेट वायरच्या जोडावर. जोड काढून नवी वायर टाकली. आज तिथे दिवे.
मंदाचा भाऊ वकील. त्याचा सल्ला: अकरा महिन्यांचा करार कर. मुदत संपली की एक दिवस खोली रिकामी, तुझं कुलूप. म्हणजे त्याचा हक्क लागत नाही. दुसऱ्या दिवशी खुशाल आत घे. सगळे तेच करतात. दत्तूनं वाचलं नाही. "कुठं सही मारू?"

२ नोव्हेंबर
चार महिन्यांत एकही फोन नाही. दत्तू भाडेकरूंवर ओरडतो, "नळ हळू फिरवा की, बैल न्हाय त्यो पिळायला." तेही ओरडतात. कामं होतात.
आज पाहिलं तर त्यानं खोलीचं दार निळं रंगवलंय. न विचारता. घरी सांगायला नको होतं. मंदा म्हणाली, "रंग लावला? मग झालं."
अग्रलेख दोनदा लिहिला. दोन्ही वेळा दार डोळ्यांपुढे.

१८ मे १९९८
दत्तूला सांगितलं, परवा कराराचे अकरा महिने संपतात, खोली रिकामी करायची.
"म्हंजी भाईर काढायचं?"
"एका दिवसापुरतं. कागदासाठी."
"मी कुठं झोपतोय त्ये कागदाला काय कळतंय?"
पाना उचलून नळाकडे गेला. 

२० मे
वाटलं होतं, सामान शोभाताईंच्या बाहेरच्या सोप्यात ठेवतील. सकाळीच टेम्पो आला. सुलाबाईनं, त्याच्या बायकोनं, जाताना फरशी झाडून घेतली. माझं कुलूप लागेना, गंजलेलं. दत्तूनंच पिशवीतून बाटली काढून तेलाचा थेंब सोडला. "आता लावा."
लावलं. शोभाताई दारात उभ्या होत्या. 

२१ मे
कुलूप काढून आलो. ते आले नाहीत.

२६ मे
काल वळीव झाला. शोभाताईंच्या भिंतीला पुन्हा ओल, पुन्हा झिणझिण्या. पावसाळ्याआधी वरनं गिलावा केलाच पाहिजे, दत्तू बजावत होता. मीच पुढे ढकललं. मेन पुन्हा बंद. दोन माणसं पाहून गेली, एकमेकांकडे बोट दाखवून. शोभाताई: "पोरगी आता घरभर पळती, भिंतीला हात लावती. नवा कुणी आणू नका. त्याला आणा, न्हायतर म्हैनाअखेर मी निघते."
माझं हातचं काम सुटत चाललंय. बातमीत गाव चुकलं. इतक्या वर्षांत प्रथम.

२८ मे
कोडोली. दत्तू भावाच्या घरावर कौलं परतत होता. खाली आला नाही. वरूनच आत ओरडला, "पावणं आल्यात, च्या टाक गं."
पावणं. ऑफिसभर सायेब सायेब करणारा.
भिंतीचं सांगितलं.
"मेन बंद ठिवा म्हणावं."
"ठेवलाय."
दोन कौलं बसवली. मग, "फुडच्या साली परत कुलूप?"
"नाही." मंदाचा, वकिलाचा विचार मागाहून आला.
"बायकूला इचारतो."
चहा घेतला. सुलाबाईनं माझ्याकडे पाहिलं नाही.

३० मे
मंदाला शब्द दिल्याचं सांगितलं. "आणि उद्या त्यानं खोली नाही सोडली तर?"  तिचंही चूक नाही, हेच जास्त...
संध्याकाळी खोल्यांवर. निळ्या दाराला नुसती कडी. दत्तूचा पत्ता नाही. शोभाताई मेणबत्ती लावून बसलेल्या, पोरगी मांडीवर दाबून धरलेली.
"येतोय न्हवं?"
"बायकोला विचारतोय."
"यायचं नसतं तर तिथंच तोंडावर सांगितलं असतं की त्येनं."
पन्हाळ्याच्या बाजूला आभाळ काळं. कुलूप आठवडाभर माझ्या शबनम पिशवीतच आहे. तेल अजून कागदांना लागतंय.