उकाड्याचं कौतुक

२ एप्रिल
नवीन ट्रेनिंग निघालंय. नर्सेस आणि हवामान बदल. तीन दिवस! चिमणीला पाठवलं. ही माझ्या हाताखालची नवी सिस्टर, दिवसभर चिवचिव. मी चौतीस वर्षं वॉर्ड चालवतेय. हवामान खिडकीबाहेर, पेशंट आत.
संकल्प: यंदा उन्हाळ्यात चिडायचं नाही.

६ एप्रिल
चिमणी परत आली. म्हणते, इनचार्ज बाई, उन्हाच्या पेशंटसाठी एक कॉट रिकामी ठेवू, बर्फ ठेवू, टेबलफॅन मागू. म्हटलं, बर्फ लसींचा, कॉट भरलेली, फॅन मोठ्या साहेबांच्या पायाशी.
संकल्प मोडला. तिनेच मोडायला लावला.

१९ एप्रिल, दुपारी दोन
राऊंडमध्ये डोळ्यांपुढे अंधारी. चष्म्याचा नंबर वाढला असणार. चिमणीने मीठ-साखरेचं पाणी पुढे केलं. म्हटलं, मी पेशंट दिसते का?
नंतर बाथरूमच्या नळाखाली डोकं धरलं. कुणी बघितलं नाही.

२७ एप्रिल
वरून विचारणा: उन्हाचे पेशंट किती? 'निरंक' लिहिलं. चिमणी म्हणे, मग ते सहा? ते तापाच्या रकान्यात घातलेत. ताप तो ताप.

११ मे, दुपारी एक
मामा ॲडमिट. आमचेच, जुने स्ट्रेचरवाले. रिटायर झाल्यापासून पत्र्याच्या खोलीत. सुनेने गाडीत घालून आणलं. अंग तव्यासारखं, घामाचा थेंब नाही. बरळत होते. मला 'ए बारके' म्हणाले. मी नवीन होते तेव्हा तेच म्हणायचे. म्हणजे ओळखलं. म्हणजे शुद्धीत आहेत.
चिमणीने चादर भिजवून त्यांच्या अंगावर टाकली. मी ओढून काढली. तापाच्या माणसाला न्यूमोनिया करायचाय का? डॉक्टर ऑपरेशनमध्ये. तापाचं इंजेक्शन दिलं, कोरडी चादर घातली. ती म्हणते, बाई, हा ताप नाही, बर्फ द्या. बर्फाच्या पेटीची किल्ली माझ्या कमरेला. दिली नाही. मागायची काही पद्धत असते.
संध्याकाळपर्यंत उतरेल.

११ मे, पाच वाजता
मामा गेले.
डॉक्टरांनी कारण हार्ट लिहिलं. वय झालंच होतं. सुनेने विचारलं, शेवटी काही बोलले का? म्हटलं, मला हाक मारली.
चिमणी काही बोलली नाही. बोलली असती तर मी झापलं असतं. तेवढं तरी करता आलं असतं.

१४ मे
चिमणीने दुसऱ्या वॉर्डात बदली मागितली. सही केली. नाजूक पोरी, टिकत नाहीत.
झोप लागत नाही. उकाडा.

३ जून
ट्रेनिंगची दुसरी बॅच. पाठवायला कुणी नाही, म्हणून मीच गेले. मॅडमने विचारलं, उन्हाने बरळणारा पेशंट आला, आधी काय कराल? मी उभी राहिले. अंग भिजवायचं, वारा घालायचा, बर्फ काखेत आणि जांघेत. तापाच्या औषधाचा उपयोग नाही. वेळ घालवायचा नाही.
मॅडम म्हणाल्या, बघा, याला म्हणतात अनुभव! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
खाली बसले. पुढच्या प्रश्नाला हात वर केला नाही.