वाढत्या अंगाचा कोट

ताई,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कंबर आता जेवढी वाकते तेवढाच; उरलेला मनाने केला आहे, तो धरून घे.) तुझी भूक, झोप आणि वरच्या मजल्यावरची शेजारीण, तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करतो. पाच महिने तुझ्या पत्राला उत्तर नाही, याबद्दल कान पकडतो. ‘डोळ्यांपुढे धुकं वाढत चाललंय, मला दिसतोयस तोवर येऊन जा,’ असं तू लिहिलंस, आणि मी म्हटलं, आधी सगळं सुरळीत होऊ दे. गुडघा बरा व्हावा, छत गळायचं थांबावं, धाकट्या मुलाचं बस्तान बसावं, मग निवांत, आनंदाचं पत्र लिहावं. ताई, तो गुडघा जरा बरा झाला तर दुसऱ्याने डोकं वर काढलं.

तुला माहीतच आहे, चाळीस वर्षं मी शिवणयंत्र चालवलं आणि एकच गोष्ट पाळली, की कपडा नेहमी वाढत्या अंगाचा शिवायचा. गिऱ्हाईक कुरकुरलं तर सांगायचो, पुढे होईल. (माझी दोन्ही मुलं शाळेत हात न दिसताच वाढली. बाह्या मनगटाशी आल्या तेव्हा कोपरं फाटलेली होती.) तीस वर्षांपूर्वी उत्तम राखी कापड मिळालं, तेव्हा स्वतःसाठी कोट शिवला. पुढे सुखाचे दिवस येणार, सुखात माणूस सुटतो, म्हणून पोटाला चार बोटं आणि खांद्यांना दोन बोटं जास्त धरली आणि कपाटात टांगून ठेवला. वर्षातून एकदा अंगात घालायचो, अजून आपण त्या मापाचे झालो नाही असं बघायचो आणि परत टांगायचो. गेल्या आठवड्यात घातला, तर मी उलट्या दिशेने निघालोय. बोटांची टोकंसुद्धा बाहीबाहेर येईनात. ही दारात उभी राहून बघत होती. हसली नाही, म्हणून मला जास्तच भीती वाटली. म्हणाली, ‘‘अहो, ज्याच्यासाठी शिवलात तो माणूस काही येत नाही आता. जो घरात आहे त्याच्या मापाचा करा.’’

मग उसवायला बसलो. उसवणं हे घाईचं काम नाही. एकेक टाका पात्याच्या टोकाने उचलायचा, कापायचा, पुढचा उचलायचा. दुपारचं ऊन खिडकीतून मशीनवर आलं, मशीनवरून माझ्या मांडीवर, तिथून फरशीवर उतरलं, आणि मी त्याच्याबरोबर कुठे कुठे जाऊन आलो कोण जाणे. धाग्यांचे तुकडे हवेत तरंगत होते, त्यांना कुठे पोचायचं नव्हतं. समोरच्या गच्चीवरच्या चादरी फुगत होत्या, पुन्हा बसत होत्या. आत ही भांडी लावताना काहीतरी गुणगुणत होती. (ती गुणगुणते हे मला ठाऊकच नव्हतं. विचारलं तर म्हणाली, लग्नापासून. मशीनच्या आवाजात ऐकू आलं नसणार.) चहा चक्क गरम असताना प्यायलो.

उठताना लक्षात आलं की दीड तास आपण कशाचीच काळजी केली नाही. डोक्यातली एखादी शीर ढिली झाली असणार. तडक कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली, दीड तासात काय काय झालं ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘मास्तर, याला औषध देत नाही. दिलं तर बरे व्हाल.’’

परत येताना रस्ताभर तुझाच विचार होता. तुझ्या डोळ्यांपुढचं धुकं माझ्या गुडघ्यासाठी थोडंच थांबणार? तुला भाऊ बघायचा असेल तर तो हाच, लंगडत चालणारा. याहून बरा काही निघेल असं दिसत नाही. म्हणून ठरवलं. पंधरा दिवसांनी येणाऱ्या गुरुवारी सकाळच्या बसने आम्ही दोघं निघतो, आठ दिवस राहतो. छत गळतंय, गळू दे. खाली बादली ठेवली आहे. (दोन ठेवल्या आहेत.)

तुझा,
भीत भीत का होईना, येणारा भाऊ

ता. क. : हिने पत्र वाचलं आणि म्हणाली, ‘ठरवलं’ हा शब्द खोडा. तिकिटं तिनेच काल जाऊन काढली; बस कुठून सुटते हेही मला माहीत नाही. मी फक्त खिडकीची जागा मागितली होती, तर तीही तिलाच हवी आहे.

आणखी एक ता. क. : हे पत्र भाची तुला वाचून दाखवत असणार. पण तिला तुझ्या डोळ्यांचं विचारलं की ती मामाला धीर देणारंच लिहिते. (पुढचं जरा हळू वाच ग, बाळ.) खरं म्हणजे मला एवढंच लिहायचं होतं. ताई, दोन ओळी तू स्वतःच्या हाताने लिही. ओळ चढू दे, उतरू दे, अक्षरावर अक्षर बसलं तरी चालेल. त्यावरून मला कळेल, तुझ्या किती जवळ येऊन उभं राहायचं ते. गुरुवारच्या आत हातात पडेल असं, लवकर पाठव.