रुखवतातली बिस्किटांची बंडी

आई,

तुला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुझ्या तिथीला पान वाढलं, फोटोला हार घातला, पण तुझ्याशी मनातल्या मनातही धड बोललो नाही. बोलायला गेलो की भांडण होतं, आणि गेलेल्या माणसाशी भांडण्यात अर्थ नाही, दोन्ही बाजू आपल्यालाच लढवाव्या लागतात. तरी आज बसलोय. तुझी नात, जिला तू बोबडं बोलताना पाहिलंस, ती आता पुण्याला नोकरी करते. लॉकडाऊनमध्ये मी मोबाइलवर केकचे व्हिडिओ बघत बसायचो आणि कोणी आलं की क्रिकेट लावायचो, ते तिनं कधीतरी पाहिलं असणार. नोकरी लागल्यावर तिनं मला ओव्हन पाठवला. काळा, चौकोनी, आत दिवा असलेला, किती डिग्री आणि किती मिनिटं हे ठरवून देता येतं असा. सोबत ग्रॅम दाखवणारा छोटा काटा. खोकं उघडलं तेव्हा तुझ्या सुनेनं विचारलं, "हे कोणासाठी?" मी म्हटलं, "असंच, घरासाठी." खरं सांगायला मला चार दिवस लागले.

तुझा ओव्हन गोल होता. अल्युमिनियमचा, झाकणाला मधोमध काच, जाडजूड वायर, आणि हात ओला असला तर करंट मारणारा. मामानं तुला राखीला दिला होता. तू त्यात दोनदा केक केलास, दोन्ही वेळा खालून कोळसा आणि वरून चिखल, मग जुन्या पातळात गुंडाळून पलंगाखाली ढकलून दिलास. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना तो बाहेर काढला. मला काही कोणी शिकवलं नव्हतं. दिवाळीच्या आधी आपण सदर बाजारातल्या बेकरीत मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन नानकटाई भाजून आणायला जायचो ना, तेव्हा तू रांगेतल्या बायकांशी गप्पा मारायचीस आणि मी कारागिराचे हात बघायचो. तो पीठ किती वेळ मळतो, कधी थांबतो, भट्टीतून पत्रा काढायच्या आधी एकदा नाक वर करून वास कसा घेतो. तेवढं शिक्षण मला पुरलं. गोल ओव्हनला ना आकडे होते ना काटा, मी वासावर केक काढायचो. पहिला जमला तो तू चहाबरोबर उभ्यानंच खाल्लास आणि म्हणालीस, "अरे, बाहेरच्यासारखा झाला गा." आई, तुझ्याकडून मला मिळालेली दाद एवढीच. ती मी जपून ठेवली आहे, कारण दुसरी नाही.

मग तो शनिवार. बाबा ऑफिसातून लवकर आले. मी ओट्याशी, कोपरापर्यंत मैदा, ताई पलीकडे खिडकीत बसून मासिक वाचतेय. बाबा दारात थांबले. "काय करून राहिला बे तू?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "तो काही नाही करून राहिला. पोट्टीच करून राहिली केक. याले म्या डब्बा उतरवाले बोलावलं, तं त्यानं सांडवला मैदा." बाबा हातपाय धुवायला गेले. संध्याकाळी केक खाताना म्हणाले, पोरीच्या हाताला चव आहे. ताईनं माझ्याकडे बघून जीभ काढली. आपण तिघंही हसलो होतो. त्या दिवशी तू मला वाचवलंस हे मला कळतं, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार पुढची आहे. ती थाप तुला इतकी सोयीची पडली की तू ती कधी मागे घेतलीच नाहीस. मग रविवारी खिडक्या लावून केक व्हायला लागला, आणि शेजारी वास गेला की ताईचं नाव जायला लागलं.

एक गोष्ट मला तेव्हाही कळली नाही, आजही कळत नाही. पारशिवनीकडे बाबांच्या मित्राचं शेत होतं, हिवाळ्यात आपण सगळे तिथं रोडग्यांच्या पार्टीला जायचो. कणीक कोण मळायचं? बाबा. गोवऱ्यांचा विस्तव कोण लावायचं? बाबा आणि त्यांचे मित्र, बाह्या वर करून, डोळ्यांत धूर घेऊन. बायका सतरंजीवर बसून बोरं खायच्या आणि म्हणायच्या, रोडगे करावे तर माणसांनीच. बाबा राख झटकून रोडगा फोडायचे, तुपात बुडवून सगळ्यांना द्यायचे, आणि तुझ्या चेहऱ्यावर काय कौतुक असायचं तेव्हा. मी तेच करत होतो, आई. कणकेच्या जागी मैदा, गोवऱ्यांच्या जागी वायर. शेतात भाजलं तर पुरुषार्थ आणि स्वयंपाकघरात भाजलं तर लाज, ही सीमा नेमकी कुठल्या बांधावरून जात होती ते तू मला एकदा समजावून सांगायला हवं होतं.

सावनेरचे पाहुणे ताईला बघायला आले तेव्हा केक मीच केला. तू सांगितलंस म्हणून केला आणि आनंदानं केला, हेही कबूल. पोह्यांबरोबर बशीत केकचा तुकडा, वर बदामाचे काप. मुलाच्या आईनं एक घास खाल्ला आणि थांबल्या. "कोणं केला वं हा? बेकरीतून आणला काय?" तू लगेच, "नाही वं बाई, घरचाच आहे. आमची पोट्टीच करते सारं. मले तं त्या ओव्हनले हात लावाची भीती वाटते." मी दुसरी फेरी घेऊन दारात उभा. त्या बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊची मजा आहे मंग, बहिणीच्या हातचं रोज खाते." मी हसलो. बाकी सगळ्याचा राग तुझ्यावर आहे, त्या हसण्याचा मात्र माझ्यावर आहे. आठ दिवसांत होकार आला. निरोपात मुलीच्या रंगाबद्दल, शिक्षणाबद्दल एक अक्षर नव्हतं, हाताला गुण आहे एवढंच होतं. म्हणजे माझ्या हातावर तू ताईचं लग्न ठरवलंस.

रुखवतासाठी मी पंधरा दिवस खपलो. बिस्किटांची बैलबंडी केली होती, आठवते? सहा आऱ्यांची चाकं, जू, दोन बैल. शिंगं तीनदा मोडली, साखरेच्या पाकानं तीनदा जोडली. बंडीत कापूस म्हणून खोबऱ्याचा कीस भरला, कारण सावनेरच्या लोकांना कापसाची बंडी बघून बरं वाटेल असं मला वाटलं. मंडपात लोक रांग लावून बघत होते. पुढे पुठ्ठ्याची चिठ्ठी होती, "वधूने स्वतः तयार केलेली बिस्किटांची बंडी". तुझं अक्षर चांगलं नव्हतं, म्हणून ती चिठ्ठीसुद्धा तू माझ्याकडूनच लिहून घेतलीस. लाल शाई, खाली वेलबुट्टी. आई, तुला ते लिहायला सांगताना एकदाही काही वाटलं नाही? मी विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, काय झालं त्यात, बहिणीसाठीच तर आहे. बहिणीसाठी मी आयुष्यभर बिस्किटं भाजली असती. माझं नाव नको होतं मला त्या पुठ्ठ्यावर. निदान घरात, चार भिंतींत, तुझ्या तोंडून हवं होतं.

त्यातून झालं काय ते तुला माहीत आहे, पण तू कधी त्यावर बोलली नाहीस, म्हणून मी लिहितो. तिच्या सासूबाईंनी हौसेनं नवा ओव्हन आणून ठेवला. लग्नानंतर महिन्याभरातच पाहुण्यांसमोर केक करायला सांगितला. ताईला केक येत नव्हता. तिला मैदा चाळायचाही कंटाळा, ती वाचणारी मुलगी. केक जळला, दुसरा बसला, तिसरा कच्चा. आणि कोणाच्या मनात हे आलं नाही की हिला येत नसेल. कसं येईल? त्यांनी स्वतः बंडी पाहिली होती, केक खाल्ला होता. त्यांनी सरळ हिशोब केला की हिला येतं, पण आपल्यासाठी करायचं हिच्या जिवावर येतं. "माहेरी हात चालत होते, इथं काय मेंदी लावून बसली?" हे तिनं एकदा नाही ऐकलं. न येणाऱ्याला लोक शिकवतात, माजोऱ्याला कोणी शिकवत नाही. मुद्दाम जाळते, असं नणंदा तिच्या तोंडावर म्हणायच्या.

भाऊबीजेला ती आली तेव्हा अर्ध्यानं उतरली होती. ओवाळून झालं आणि तिनं तुझा हात धरला. "आई, तू एकदा सांगून दे ना वं त्यायले. मले येत नाही म्हण. तो करे म्हण." तू ताटातली सुपारी उचलून डब्यात टाकलीस आणि म्हणालीस, "आन काय सांगू? आमचा पोट्टा बायकायचं काम करे म्हणून? याले उद्या पोरगी कोण देईन? आन तुले खोटी म्हणतीन ते वेगळंच." मी म्हटलं, मी जातो सावनेरला, मी सांगतो. "गेला तं या घरात पाय नको ठेवू," तू म्हणालीस. मग तू मला हुकूम केलास की चार दिवसांत ताईला केक शिकव. मी शिकवला. दोघंही एकमेकांवर ओरडत होतो, तिच्या डोळ्यांतलं पाणी मैद्यात पडत होतं, आणि ती म्हणाली, "तुह्या ह्या नादानं माहा सत्यानाश केला." तू ओट्याशी उभी होतीस. तू म्हणू शकत होतीस की नाद त्याचा, थाप माझी. तू भाजी निवडत राहिलीस. पुढच्या आठवड्यात मी कॉलेजातून आलो तर पलंगाखाली जागा रिकामी. "भंगारवाल्याले देल्ला," तू म्हणालीस, "करंट मारे." मी जेवलो नाही, एवढाच माझा निषेध. सावनेरला मी गेलो नाही. बसस्टँडपर्यंतसुद्धा गेलो नाही.

मला नोकरी लागली, पोरगी मिळाली, सगळं तुझ्या मनासारखं झालं. मी तीस वर्षं चहाशिवाय गॅसवर काही ठेवलं नाही. तू आजारी पडलीस तेव्हा मनात एक होतं, आता तरी म्हणेल. शेजारच्या काकू भेटायला आल्या होत्या, मी तुझे पाय दाबत होतो. तू त्यांना सांगत होतीस, "माह्या पोरीच्या हातचा केक, तसा केक मी मंग कधी नाही खाल्ला." मी दाबायचा थांबलो. वाटलं, बघेल माझ्याकडे. तू नाही बघितलंस. तू खोटं बोलत असतीस तरी मी समजून घेतलं असतं, आई. पण तुला ते खरं वाटायला लागलं होतं. तुझ्या आठवणीतूनही तू मला पुसून टाकलं होतंस, आणि दोन महिन्यांनी गेलीस. ताई आता साठीला आलीय. सासू गेल्या, तिचा संसार तिचा झाला, पण राखीला येते तेव्हा मी केलेलं काही तोंडात घालत नाही. मैद्यानं पित्त होतं म्हणते. बाकी सगळ्या घरी मैदा खाते.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. लिहून झालं की फाडणार, तुझ्या सुनेच्याही हाती लागू देणार नाही. मग एक सांगून टाकतो, जे तिलाही धड सांगितलेलं नाही. परवा सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर सोसायटीत सगळ्यांनी घरून एकेक पदार्थ आणला होता. मी संत्र्याचा केक केला होता, रसाचा आणि सालीच्या किसाचा, फार चांगला झाला होता. वरच्या मजल्यावरचे काका दुसरा तुकडा घेत म्हणाले, "काय गा, केक कोणं केला? वहिनीनं काय?" बाबा नव्हते तिथं. तू नव्हतीस. मी चोपन्न वर्षांचा माणूस, आणि आजकाल तर पुरुष केक करतात आणि वर फोटो टाकतात. मी म्हटलं, "हो, तिनंच." ती चहाचा कप घेऊन शेजारीच उभी होती. सगळ्या बायका तिच्याभोवती जमल्या, तिघीजणी तर मागेच लागल्या, आम्हालेही शिकवा ना वहिनी म्हणून. घरी आल्यावर तिनं विचारलं, "काहून सांगितलं तसं?" मी म्हटलं, निघून गेलं तोंडातून. निघून गेलं नव्हतं. काकांचा चेहरा बघितला, आजूबाजूला कोण आहे ते बघितलं, आणि मग बोललो. म्हणजे तुला जेवढा वेळ लागायचा त्याहून मला जास्तच लागला.

त्या तिघी उद्या चार वाजता येणार आहेत. ती म्हणाली, तुम्हीच शिकवा, मी बाजूला उभी राहीन आणि खरं काय ते मीच सांगीन, तुम्हाला सांगायची लाज वाटत असेल तर. मी म्हटलं, उद्या मला जमणार नाही, बँकेत काम आहे. आई, उद्या रविवार आहे.