धोंडूशेठचा आवाज

१२ एप्रिल, शनि.
गुडघा बरा. समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्यांत जपानी मुलांच्या सणाचे कापडी मासे लागलेत. वारा आला की फुगतात, एरवी लोंबतात. आठव्या मजल्यावरून तेच बघत बसलो. थंडीत निशी-कसाई स्टेशनापाशी वाट चुकलो, तेव्हापासून एकट्याने खाली उतरायचं नाही, हा अमोलचा कायदा. पोरगा बरोबर बोलतो, म्हणून तर भांडता येत नाही.

दुपारी मंडळाचा सौरभ आला. मुलांचा रविवारचा मराठीचा वर्ग तोच बघतो, त्यातच माझ्या धोंडू रेड्याचा बाहुलीखेळ. हातात पेढे. तेव्हाच ओळखलं.
"काका, मागच्या वेळी धोंडू फार थरथरत होता. मुलं म्हणाली, त्याला थंडी वाजतेय."
"मग स्वेटर विणू त्याला."
हसला. पेढा पुढे केला. "नाही काका, म्हणजे... रीकास्टिंग करूया. तुम्ही मार्गदर्शक."
पेढा खाल्ला. बरा होता.

१३ एप्रिल, रवि.
होकार कळवला. नाही कशाच्या जोरावर म्हणणार? हात थरथरतोच. पडद्यामागे स्टुलावर बसून हात वर धरायचा, तो आता खांद्यापाशीच येतो.

निरोपसमारंभ नाही. कुणाला देणार निरोप? रेडा काही जात नाहीये. हिने छत्रीच्या काळ्या कापडाचा शिवलेला, हातात घालायचा रेडा. ही गेली, तो राहिला, आता मी गेलो तरी राहील. पडद्यामागचा माणूस मुलांना दिसता कामा नये, हा नियम मीच केलेला. तेव्हा मी होतो हेच त्यांना ठाऊक नाही.

आणि हानाला तर मुळीच नाही. नात माझी, पण माझ्याशी जपानीत बोलते. मला कळत नाही, मग तिचा बाप मध्ये पडून सांगतो. धोंडूला जपानी येत नाही, हा दुसरा नियम. आणि त्याला दुभाषी नाही. म्हणून पुढच्या रांगेत गुडघ्यांवर उभी राहून ती ओरडते, "धोंडूशेठ, माझा दात पडला!" घरात मला पत्ता नव्हता. नातीच्या बातम्या मला रेड्याच्या कानाने कळायच्या. त्या आता...

१६ एप्रिल, बुध.
सौरभ ऑफिसातून थेट शिकायला. टाय सोडला, हातात रेडा घातला. आवाज नाकातला, जरासा घोगरा, जमतोय. कवितेआधीचं खाकरणं जमत नाही. त्यावर तर मुलं आधीच हसायला लागतात.
"पोटातून खाकर. हे मीटिंगमधलं झालं."
"काका, मीटिंगमध्ये असं खाकरलो तर सौरभ-सानला मास्क देतील."
गुणी आहे. लहानपणापासून इथलाच, तरी मराठी टिकवलीय.

त्याला नवी कविता दिली, खास पहिल्या खेळासाठी. गेल्या महिन्यात जुळलेली.
डोहात बसलो, डोळे मिटले,
पाठीवर माझ्या बगळे फुटले...
पुढच्या दोन ओळी त्याने मोबाइलवर उतरवून घेतल्या. शाळेत बाई छडीने टेबलावर ठेका धरायच्या, सगळा वर्ग डुलायचा. तो ठेका अजून पायात आहे. पण घरात एक ओळ म्हणायची सोय नाही, हाना आवाज ओळखेल. तिने विचारलं की "मला नाही बुवा येत कविता." होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या रेड्याच्या नावावर करून बसलोय.

२७ एप्रिल, रवि.
पहिल्यांदा पडद्याच्या पुढे बसलो, मागच्या खुर्चीवर, आईबापांत. धोंडू वर आला. उजवं शिंग खाली झुकलंय त्याचं. इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. हिने कधी सांगितलं नाही.

खाकरला. मुलं हसली. हानासुद्धा. एकालाही शंका नाही. बरं वाटलं, आणि अजिबात बरं वाटलं नाही.

दुसऱ्या ओळीला एका मुलाने जपानीत काहीतरी विचारलं. बगळा म्हणजे काय, हेच असणार. मी असतो तर: "काय म्हणतोस रे? मला कळेना." मग पोरगं एका पायावर उभं राहतं, मान लांब करतं, शेवटी धडपडत मराठीत सांगतं. धोंडू म्हणाला, "सागी!"
झालं. एकच कल्ला. धोंडूला जपानी येते! मग प्रश्नांवर प्रश्न, सगळे जपानीत, आणि बिचारा उत्तरं देत सुटला. कविता तिथेच राहिली.

नंतर सौरभ आला, घामाघूम. "काका, तोंडातून निघूनच गेलं. आता परत कसं घेऊ?"
परत कसलं घेतोस, बाबा.

घरी येताना हाना बापाचा हात धरून बडबडत होती. अमोलला विचारलं, काय म्हणतेय? तो जरा घुटमळला. "म्हणतेय, बरं झालं. आता कुणाशीच मराठीत बोलायला नको."

२९ एप्रिल, मंगळ. सुटी.
अमोल घरात, तरी खाली गेलो नाही. मासे आज लोंबलेले.

संध्याकाळी हाना माझ्या खोलीच्या दारात. मागे मायुमी, तिला हळूच पुढे ढकलत. सूनबाई मोजकं बोलते, पण नेमकं: "मला माहीत नाही. आजोबांना विचार. मराठीत."
हाना पायाकडे बघत म्हणाली, "डोहात बसलो, डोळे मिटले. पाठीवर माझ्या सागी... नाही. बगळे फुटले." मग वर बघून, "पुढे काय?"

माझ्याशी. मराठीत. बाप मध्ये नाही, रेडा मध्ये नाही.

मला कविता येत नाहीत, हे तिला मीच सांगितलेलं. आणि तिसरी ओळ तर जिभेवर. नकळत घसा खाकरलो. पोटातून.

तिने डोळे मोठे केले. हसली नाही. नुसती बघत राहिली.

म्हटलं, "आंघोळ करून ये. आठवतंय का बघतो."

गेली. हे लिहितोय तेव्हा बाथरूममध्ये पाणी वाहतंय. ती ओळ नाकातून न म्हणता एकदा पुटपुटून पाहिली, कुणा परक्याची वाटली. धोंडूच्या आवाजात म्हटली तर रविवारचा पडदा कायमचा खाली. नाही म्हटली, तर ती पुन्हा या दारात कशाला येईल?

पाणी थांबलं.